अमेरिकेतील कारखान्यांचा रोजगार कोणी खाल्ला?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यानंतर आपल्याकडच्या चर्चांमध्ये दोन गट दिसले. एक गट ट्रम्प यांची टिंगल करण्यात रमला. दुसरा गट समजूतदारपणाचा आव आणून सांगू लागला की, बाबांनो, त्यांचेही खरे आहे. अमेरिकन कामगाराच्या नोकऱ्या चीनने आणि मेक्सिकोने पळवल्या, आता तो हिशेब मागणारच. टिंगल करणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. पण हा दुसरा युक्तिवाद आम्ही गांभीर्याने घेतो, कारण त्यात थोडे सत्य आहे आणि त्या थोड्या सत्याच्या आड फार मोठी लबाडी लपवली गेली आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अमेरिकेतील कारखान्यांचा रोजगार आपोआप गेला नाही. तो कोणाच्या तरी निर्णयाने, कोणाच्या तरी सहीने गेला. त्या सह्यांचे पहिले बळी कृष्णवर्णीय कामगार होते. ते बेकार झाले तेव्हा अमेरिकेने त्यांनाच दोषी ठरवले. पुढे गोऱ्या कामगारावर तीच पाळी आली, तेव्हा त्याला वाचवायला ना कायदा उरला होता, ना संघटनेची ताकद.

आधी आकडे पाहू

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतीबाहेरच्या दर शंभर नोकऱ्यांपैकी तीसहून अधिक कारखान्यांत होत्या. आज हे प्रमाण आठच्या आसपास आहे. प्रत्यक्ष संख्येचा कळस १९७९ साली गाठला गेला. त्या वर्षी कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख माणसे काम करत होती. २००० साली ही संख्या १ कोटी ७३ लाखांच्या जवळ होती, आणि २०१० च्या सुरुवातीला ती १ कोटी १५ लाखांवर आली. दहा वर्षांत तीनपैकी एक नोकरी नाहीशी झाली. त्यानंतर थोडी भरपाई झाली, पण गेली अनेक वर्षे आकडा १ कोटी २५ लाख ते १ कोटी ३० लाखांच्या मध्येच घुटमळतो आहे.

हे आकडे नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. १९६५ ते २००० या पस्तीस वर्षांत हा आकडा १ कोटी ६५ लाख आणि १ कोटी ९५ लाख यांच्या मध्ये वरखाली होत राहिला. एकूण रोजगारातला वाटा घटत होता, पण संख्या टिकून होती. मग २००० नंतर कडेलोट झाला. ज्याला कारण सांगायचे आहे त्याने या कडेलोटाचेही कारण सांगितले पाहिजे.

तीन सोयीची उत्तरे

पहिले उत्तर यंत्रांचे. विद्वान मंडळींचे हे लाडके उत्तर आहे. यंत्रे सुधारली, कमी माणसांत जास्त माल निघू लागला, यात दोष कोणाचाच नाही. पोलाद उद्योगात हे बऱ्याच अंशी खरेही आहे. १९६२ ते २००५ या काळात तिथले सुमारे तीन चतुर्थांश मनुष्यबळ गेले, तरी कारखान्यांतून बाहेर पडणारे पोलाद जवळपास तेवढेच राहिले. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या छोट्या विद्युतभट्टी कारखान्यांनी जुन्या अवाढव्य कारखान्यांची जागा घेतली.

पण यंत्रे काय २००० सालीच आली? ती तर १९५० पासून सुधारतच होती. मग २००० नंतरच एवढी माणसे एकदम का गेली? शिवाय सुझन हाउसमन या अर्थतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिले आहे की, अमेरिकेच्या कारखानी उत्पादनाची जी भरभराट आकड्यांत दिसते, तिच्यातला मोठा भाग एकट्या संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या क्षेत्राचा आहे. नवा संगणक जुन्यापेक्षा वेगवान, म्हणून सांख्यिकीत एका संगणकाचे उत्पादन कितीतरी पट धरले जाते. हे क्षेत्र वगळले तर उत्पादनाची वाढ फारच रोडावते. म्हणजे माणसे कमी झाली पण माल भरपूर वाढला, हे चित्र बाकीच्या बहुतेक उद्योगांना लागूच पडत नाही.

दुसरे उत्तर कामगारांच्या हावेचे. युनियनने पगार वाढवून घेतले, म्हणून कारखाने बुडाले. हे म्हणणाऱ्यांनी दक्षिणेतल्या कॅरोलिना राज्यांकडे पाहावे. तिथल्या कापड गिरण्यांमध्ये पगार देशात खालच्या पायरीवरचे आणि युनियन नावालाही नाही, अशीच अनेक दशके स्थिती होती. मग त्या गिरण्या टिकायला हव्या होत्या ना? उलट कापडधंदा सर्वांत भयंकर कोसळला. उत्तर कॅरोलिनातल्या कॅनापोलिस गावात चादरी-टॉवेलांची प्रचंड गिरणी होती. तिथे अनेक प्रयत्नांनंतर १९९९ साली कुठे युनियन आली. ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स कंपनीने टाळे लावले आणि त्या राज्यातले साडेचार हजारांहून अधिक कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. स्वस्त मजुरी कामगाराला वाचवत नाही. त्याहून स्वस्त मजूर सापडेपर्यंत ती फक्त त्याला राबवते.

दुसरीकडे जर्मनी पाहा. तिथला कामगार महाग आहे, संघटित आहे. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना आहेत. यंत्रे तिथेही आली, चिनी माल तिथेही आला, कारखानी रोजगाराचा वाटा तिथेही घटला. तरी तो आजही अमेरिकेच्या दुपटीच्या आसपास आहे.

तिसरे उत्तर चीनचे. हे उत्तर निराधार नाही. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत एकूण २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या, आणि त्या ठराविक गावांत, ठराविक जिल्ह्यांत एकवटून गेल्या. कडेलोटाचे कारण इथे बरेचसे सापडते. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. चीनसाठी दरवाजा उघडला कोणी? चीनला कायमचा सर्वसाधारण व्यापारी दर्जा देणारा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने २००० साली मंजूर केला. दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्याला मते दिली, क्लिंटन यांनी सही केली, आणि त्यामागे बड्या कंपन्यांनी आपली सगळी ताकद उभी केली होती. पाठोपाठ डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्याआधी १९९४ पासून नाफ्टा लागू होताच. शांघायच्या मजुराने पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याला कुलूप लावले नाही. त्या कुलपाची किल्ली अमेरिकन मालकाच्या खिशात होती.

निर्णय कोणी घेतले?

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. ओहायो राज्यातल्या यंग्सटाउन भागातील कॅम्पबेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद करत असल्याचे मालकांनी जाहीर केले. सुमारे पाच हजार कामगारांची रोजी गेली. त्या शहरात हा दिवस आजही 'काळा सोमवार' म्हणून ओळखला जातो. तेव्हा चीन जागतिक बाजारात जवळपास नव्हताच. ही कंपनी १९६९ साली लाइक्स नावाच्या जहाज कंपनीने कर्ज काढून ताब्यात घेतली होती. पोलादातून आलेला पैसा नव्या भट्ट्यांत घालण्याऐवजी कर्ज फेडण्यात आणि इतर धंद्यांत गेला. गाय दुभती होती तोवर पिळली, चारा मात्र घातला नाही. मग म्हणाले, गाय आटली.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. कामगार रडत बसले नाहीत. स्थानिक चर्चच्या पुढाकाराने त्यांनी कारखाना स्वतः विकत घेऊन चालवण्याची योजना आखली. सरकारकडे कर्जाची हमी मागितली. १९७९ साली सरकारने नकार दिला. त्याच शहरात यू. एस. स्टीलने आपले कारखाने बंद करायला घेतले, तेव्हा कामगार कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते: पिढ्यान् पिढ्या आमच्या घामावर हा कारखाना उभा आहे, त्यावर या समाजाचाही काही हक्क आहे. १९८० साली कोर्टाने निकाल दिला की, असा कोणताही हक्क कायद्यात नाही. १९८२ साली तिथल्या झोतभट्ट्या सुरुंग लावून पाडल्या गेल्या. कंपनीने त्या कामगारांना विकल्याही नाहीत.

याला तुम्ही बाजाराचा नियम म्हणाल? आम्ही याला मालकी हक्काची हुकूमशाही म्हणतो. राजकारणात एक माणूस एक मत, आणि कारखान्याच्या दारात पोहोचताच मत संपले, माणूसही संपला.

१९८० च्या दशकाने ही हुकूमशाही पक्की केली. महागाई रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले, डॉलर महागला, अमेरिकन माल जगात विकेनासा झाला. १९७९ च्या कळसापासून १९८३ च्या सुरुवातीपर्यंत कारखान्यांतल्या सुमारे २८ लाख नोकऱ्या गेल्या. १९८१ साली रेगन यांनी संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक विमान वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले आणि खासगी मालकांना जो इशारा समजायचा तो समजला. १९८२ साली कंपन्यांना स्वतःचेच समभाग बाजारातून परत विकत घ्यायला मोकळीक देणारा नियम आला. त्याचे फळ काय? विल्यम लाझोनिक यांनी ४४९ बड्या कंपन्यांचा हिशेब मांडला. २००३ ते २०१२ या काळात त्यांनी नफ्यातला ५४ टक्के पैसा समभागांच्या पुनर्खरेदीत घातला आणि ३७ टक्के लाभांश म्हणून वाटला. नवी यंत्रे, नवे संशोधन, कामगारांचे प्रशिक्षण यासाठी नफ्यातले उरले किती? शंभरातले नऊ.

पहिला बळी कोण?

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो या चर्चेत बहुतेक जण टाळतात.

अमेरिकन कारखान्यांचा ऱ्हास कधी सुरू झाला, असे विचारले तर कोणी २००० म्हणेल, कोणी १९७९. पण डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय कामगाराला विचाराल तर उत्तर १९५० च्या दशकातले येईल. इतिहासकार थॉमस सग्रू यांनी नोंदवले आहे की १९४७ ते १९६३ या काळात डेट्रॉइट शहराने १ लाख ३४ हजार कारखानी नोकऱ्या गमावल्या. हा अमेरिकन मोटारउद्योगाचा सुवर्णकाळ मानला जातो! फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यात १९४५ साली ८५ हजार कामगार होते, १९६० साली ३० हजार उरले. काम यंत्रांकडे गेले, तसेच शहराबाहेरच्या उपनगरांत आणि दूरच्या राज्यांत गेले. गोरा कामगार कामाच्या मागोमाग उपनगरात राहायला गेला. कृष्णवर्णीयाला तिथे कोणी घर देत नव्हते. काम गेले आणि तो तिथेच राहिला.

कारखान्याच्या आतही त्याची जागा ठरलेली होती. मोटारउद्योगात ओतशाळा आणि रंगकाम, पोलाद उद्योगात कोकभट्टी. सर्वांत उष्ण, सर्वांत घाण, सर्वांत जीवघेणे काम त्याच्या वाट्याला. कोकभट्टीवर काम करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर पोलाद कामगारांपेक्षा कितीतरी जास्त होते, हे १९७० च्या दशकात सिद्धही झाले. ज्येष्ठता विभागानुसार मोजली जाई. त्यामुळे एकदा कोकभट्टीत लागलेला माणूस दुसऱ्या विभागात गेला तर त्याची सगळी ज्येष्ठता शून्य. जन्माने ठरलेल्या माणसाला जन्मभर एकाच कामाशी बांधून ठेवण्याची ही युक्ती आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७४ साली नऊ पोलाद कंपन्या, युनियन आणि सरकार यांच्यात कोर्टापुढे समझोता झाला आणि ही विभागवार ज्येष्ठतेची भिंत पाडायचे ठरले. त्या नऊ कंपन्यांत यंग्सटाउनची ती कंपनीही होती. तीन वर्षांनी कारखानाच बंद झाला. कापड गिरण्यांची कथा अशीच. दक्षिण कॅरोलिनात १९१५ च्या कायद्याने गिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांना एका खोलीत काम करायलाच बंदी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मागावर उभे राहायला मिळाले. एक पिढी होते न होते तोच गिरण्या गेल्या. पंगतीत बसायला मिळाले तेव्हा पंगत उठायला लागली होती.

विल्यम ज्युलियस विल्सन या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाचे लेखन आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून वाचले आहे. १९६७ ते १९८७ या वीस वर्षांत फिलाडेल्फियाने ६४ टक्के, शिकागोने ६० टक्के, न्यूयॉर्कने ५८ टक्के आणि डेट्रॉइटने ५१ टक्के कारखानी नोकऱ्या गमावल्याचे त्यांनी मांडले. एकट्या शिकागोत ३ लाख २६ हजार. या शहरांच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले काम नाहीसे झाले, तेव्हा कोणी राष्ट्रीय आणीबाणी पुकारली? कोणी टॅरिफ लावले?

रोग तोच, निदान वेगळे

काय केले ते पाहा. १९६५ च्या मॉयनिहन अहवालात बेरोजगारीचा उल्लेख होता, पण चर्चा कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मोडकळीवर, बाप नसलेल्या घरावर खिळली. म्हणजे दोष त्यांच्या संस्कारांचा! १९८० च्या दशकात बेकार वस्त्यांत क्रॅक कोकेन शिरले तेव्हा १९८६ चा कायदा आला. पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, ती पांढऱ्या पावडरच्या कोकेनला पाचशे ग्रॅमवर. शंभरास एक! क्रॅकसाठी तुरुंगात गेलेल्यांत बहुसंख्य कोण होते, हे वेगळे सांगायला नको.

२०१५ साली अॅन केस आणि अँगस डीटन यांनी दाखवले की, मध्यमवयीन गोऱ्यांमध्ये व्यसन, दारू आणि आत्महत्या यांमुळे होणारे मृत्यू वाढत आहेत. त्या मृत्यूंना 'निराशेचे मृत्यू' असे सहृदय नाव मिळाले. २०१८ साली अफूजन्य औषधांच्या व्यसनावर उपचारांचा कायदा झाला. तो व्हायलाच हवा होता. आमचा त्याला विरोध नाही. मरणारा गोरा कामगारही माणूसच आहे आणि त्याचे दुःख खरे आहे. आमचा प्रश्न एवढाच की, काम गेल्यावर माणूस मोडतो हे अमेरिकेला तीस वर्षे आधी का दिसले नाही? गोऱ्याला दवाखाना आणि काळ्याला तुरुंग, हे निदान कोणत्या वैद्यकशास्त्रात बसते?

या आंधळेपणाची किंमत गोऱ्या कामगारानेही मोजली. १९४६ साली युनियन चळवळीने दक्षिणेतल्या राज्यांत संघटना बांधण्याची मोठी मोहीम काढली. ती फसली, आणि फसण्यामागे वर्णद्वेष हे एक मोठे कारण होते. गोरे आणि काळे एका झेंड्याखाली येऊ नयेत यासाठी मालकांनी आणि राजकारण्यांनी तोच हुकमी पत्ता वापरला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना युनियनची कोंडी करायची मुभा दिली. अशा रीतीने देशाच्या आतच स्वस्त, असंघटित मजुरांचा एक प्रदेश तयार राहिला. आरसीए कंपनीने रेडिओ-टीव्हीचे काम न्यू जर्सीतल्या कॅम्डेनहून इंडियानात नेले, मग १९६६ साली टेनेसीतल्या मेम्फिसला नेले. मेम्फिसचा कारखाना पाचएक वर्षांत गुंडाळला आणि काम मेक्सिकोच्या सीमेवरच्या हुआरेझला गेले. मेक्सिकोचा रस्ता दक्षिणेतूनच गेला होता. वर्णाच्या अभिमानापायी ज्याने काळ्या सोबत्याचा हात सोडला, त्याच गोऱ्या कामगाराच्या पायाखालची जमीन त्या रस्त्यासाठी खोदली गेली.

टॅरिफने काय होईल?

आता औषध म्हणून टॅरिफ पुढे केले जात आहे. २०१८ साली पोलादावर २५ टक्के शुल्क लावून झाले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी, फ्लाएन आणि पिअर्स यांनी, त्याचा परिणाम तपासला. कच्चा माल महागला, इतर देशांनी उलट शुल्क लावले, आणि कारखानी रोजगार वाढण्याऐवजी त्याला फटकाच बसला. २०२५ मध्ये शुल्कांचा भडिमार झाला, तरी त्या वर्षातही कारखान्यांतला रोजगार घटलाच. दुसरीकडे, आयातीमुळे बेकार झालेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी १९६२ पासूनची योजना २०२२ च्या जुलैपासून नव्या अर्जांसाठी बंद पडली आहे. रोग हल्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

आयातशुल्क नेहमीच वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. स्वतःचा उद्योग उभा करताना बहुतेक देशांनी ते वापरले आहे. पण शुल्काने मालकाला संरक्षण मिळते, कामगाराला नाही. संरक्षण मिळालेल्या नफ्यातून मालक कारखाना सुधारेल की समभाग परत विकत घेईल, हे ठरवणारा कोण? यंग्सटाउनच्या कामगारांनी पन्नासएक वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न विचारला होता. अमेरिकेने त्याचे उत्तर अजून दिलेले नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत तीनपैकी एक कामगार युनियनमध्ये होता, आज दहातला एक आहे. ही ताकद परत उभी राहिल्याशिवाय, कारखाना बंद करण्याच्या निर्णयात कामगाराला आणि गावाला हक्काचा आवाज मिळाल्याशिवाय, आणि तो आवाज काळ्या-गोऱ्या दोघांचा असल्याशिवाय कोणतेही शुल्क नोकऱ्या परत आणणार नाही. बेकार गोऱ्याला बोट दाखवायला कधी चिनी मजूर दिला जातो, कधी मेक्सिकन स्थलांतरित, कधी भारतीय. हा जुनाच डाव आहे. काल त्याच्या जागी शेजारच्या वस्तीतला कृष्णवर्णीय होता.

म्हणून अमेरिकन कामगाराच्या दुःखाची कड घेऊन कोणी तुम्हाला परक्याचा द्वेष शिकवू लागला, तर त्याला एवढेच विचारा: डेट्रॉइटमध्ये १ लाख ३४ हजार नोकऱ्या गेल्या, तेव्हा तुमचे अश्रू कुठे होते?